कॉलेजचं कॅन्टीन आणि चाळिशीतला हार्ट अटॅक

महाविद्यालयांत आरोग्यावर बोलायला डॉक्टरांना बोलावतात तेव्हा विषय बहुधा ठरलेला असतो, 'जंक फूडचे दुष्परिणाम'. हॉलमध्ये दीडदोनशे मुलं बसलेली, टेबलावर पुष्पगुच्छ, मागे फलक. डॉक्टर सांगतात, वडापाव कमी खा, कोल्ड्रिंक पिऊ नका, भाज्या, फळं, कडधान्यं खा. टाळ्या पडतात, आभारप्रदर्शन होतं आणि सगळी मुलं कॅन्टीनकडे धावतात. तिथे वडापाव, समोसापाव, शेजवान नूडल्स, मैद्याचे पफ आणि फ्रीजभर कोल्ड्रिंक. प्राचार्यांच्या खोलीत व्याख्यात्या डॉक्टरांसमोरही तिथलाच समोसा येतो. मला असं आमंत्रण आलं की मी एकच विनंती करतो, आधी तुमच्या कॅन्टीनचा दरफलक मोबाइलवर पाठवा. त्यानंतर बऱ्याचदा फोन येत नाही.

आज मला भांडायचं आहे ते मुलांशी नाही. अठरा ते चोवीस वयाची मुलं काय खातात हे त्यांच्या जिभेपेक्षा कॉलेजचं कॅन्टीन, होस्टेलची मेस आणि एसटीचं वेळापत्रक जास्त ठरवतं. या तिन्ही गोष्टी ठरवणारी माणसं पन्नाशीच्या आसपासची, शहाणीसुरती, सहीचा अधिकार असलेली असतात. त्यांनी घेतलेल्या निर्णयांचा हिशेब मुलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत लिहिला जातो आणि बिल वीस वर्षांनी येतं.

आधी भीतीबद्दल बोलू

एखादा विशीतला मुलगा क्रिकेट खेळताना किंवा जिममध्ये कोसळल्याची बातमी आली की चार दिवस फोन थांबत नाहीत. 'डॉक्टर, ही त्या लशीमुळेच ना?' भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंचा देशातल्या ४७ रुग्णालयांतून अभ्यास केला, तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोविड लशीमुळे असा धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. ज्या गोष्टींशी संबंध दिसला त्या अशा: कुटुंबात आधी अचानक मृत्यू झालेला असणं, कोविडसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं, मृत्यूच्या आदल्या दोन दिवसांत भरपूर दारू, नशेचे पदार्थ किंवा अतिश्रमाचा व्यायाम.

वडापाव खाऊनही विसाव्या वर्षी कुणी कोसळत नाही. इतक्या लहान वयात हृदय अचानक थांबतं तेव्हा पुष्कळदा हृदयाच्या स्नायूचा जन्मजात दोष, हृदयाच्या विद्युतप्रवाहातला दोष किंवा स्नायूची सूज सापडते. म्हणून धावताना चक्कर येऊन पडलेल्या मुलाला 'उपाशी असेल' म्हणून लिंबूपाणी पाजून घरी पाठवू नका, ईसीजी आणि टूडी इको करून घ्या. जवळच्या नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर जास्तच.

खाण्याचा परिणाम वेगळ्या वाटेने येतो. तो हळू असतो, दुखत नाही आणि म्हणूनच कुणाला खरा वाटत नाही. रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात शिरून साठतं, तिथे सूज येते, चरबीचा पिवळट पट्टा तयार होतो आणि वर्षानुवर्षं त्यावर थर चढत जातात. एलडीएल किती आणि ते किती वर्षं राहिलं, या दोन्हींच्या गुणाकारावर हे थर अवलंबून असतात. वीस वर्षं थोडं वाढलेलं एलडीएल हे पाच वर्षं बरंच वाढलेल्या एलडीएलइतकंच नुकसान करू शकतं. चाळिशीत छातीत कळ येते त्या दिवशी आजार सुरू झालेला नसतो, त्या दिवशी फक्त तो थर फाटून त्यावर रक्ताची गुठळी बसलेली असते.

हे तरुणपणी सुरू होतं याचा पुरावा जुना आहे. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली आणि १९५३ मध्ये ती माहिती छापली. सरासरी वय २२. तीन चतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत हा आजार कमीअधिक प्रमाणात सुरू झालेला होता. धडधाकट, लष्कराने तपासून घेतलेली मुलं! इथपर्यंतची गोष्ट व्याख्यानांत सांगितली जाते, पुढची सहसा सांगत नाहीत. व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांत हे प्रमाण ४५ टक्क्यांवर आलं होतं, आणि इराक-अफगाणिस्तानातल्या सैनिकांवरच्या २०१२ मधल्या अभ्यासात साडेआठ टक्क्यांवर. तपासण्याच्या पद्धती थोड्या वेगळ्या होत्या हे खरं, पण उतार एवढा मोठा आहे की तो नुसत्या पद्धतीचा नव्हे. मधल्या साठ वर्षांत तिथे सिगारेट कमी झाली, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात आलं. म्हणजे विशीतल्या रक्तवाहिन्या कशा असतील हे नशिबात लिहिलेलं नाही. समाजाने काही बदललं तर त्या बदलतात.

आपल्याकडे काय? इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला मोठा अभ्यास झाला. त्यात पहिला हार्ट अटॅक येण्याचं मधलं वय दक्षिण आशियाई लोकांत ५३ निघालं, इतरांत सुमारे ५९. आपल्याला जवळजवळ सहा वर्षं आधी. कर्ता माणूस, मुलांची शिक्षणं अर्धवट, घराचे हप्ते चालू, त्या वयात.

'पण पोरगा तर काडीसारखा आहे!'

हे वाक्य मी रोज ऐकतो. 'डॉक्टर, याला खाऊ दे हो काय खायचं ते, बघा कसा वाळलाय. उलट टॉनिक लिहून द्या.' या आयांसाठी मी पुण्याचा एक फोटो सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापं २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. म्हणजे कागदावर दोघंही सडपातळ. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण इंग्रज डॉक्टरांचं ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांचं २१.२ टक्के! आपल्या लोकांची ठेवण ही अशी, हातपाय बारीक, स्नायू कमी, आणि चरबी पोटात, यकृताभोवती लपलेली. वजनकाटा तिला पकडत नाही. म्हणून आपल्यासाठी बीएमआयची सीमा २३ धरतात आणि कमरेचा घेर पुरुषात ९० सेंमी, स्त्रीत ८० सेंमीच्या आत हवा असं सांगतात.

अशा शरीरात मैदा, पॉलिशचा तांदूळ, साखर आणि तळण जास्त गेलं की यकृत त्याची चरबी करतं. रक्तात ट्रायग्लिसराइड्स वाढतात, चांगलं समजलं जाणारं एचडीएल उतरतं आणि एलडीएलचे कण बारीक आणि दाट होतात. रिपोर्टमधला एकूण कोलेस्टेरॉलचा आकडा तेव्हाही १८० दिसू शकतो आणि घरचे खूश होतात.

दिवस कसा जातो ते बघा

रेवदंडा, चौल, पोयनाड, रामराज अशा गावांतून अलिबागला शिकायला येणाऱ्या मुलांचा दिवस मी ओपीडीत विचारून विचारून आता पाठ केला आहे. सकाळचं कॉलेज असेल तर पहाटेची एसटी. ती चुकली तर पुढची कधी हे डेपोलाच ठाऊक. त्यामुळे घरातून चहा आणि दोन बिस्किटं. दहाच्या सुट्टीत वडापाव किंवा समोसापाव. दुपारी दीड-दोनला परतीच्या गाडीची वाट बघताना स्टँडवर कोल्ड्रिंक आणि वेफर्स. घरी पोचायला तीन. मग आईने ठेवलेला भात एकदम दुपटीने. संध्याकाळी क्लास असेल तर चायनीजची गाडी. यातल्या कुठल्या टप्प्यावर त्या मुलाला भाजी, डाळ, फळ, मासा समोर दिसला? एकाही नाही. आणि आपण त्याला सांगतो, 'मनावर ताबा ठेव.'

होस्टेलच्या मुलांचं आणखी वेगळं. आपल्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यात लोणेरे इथे १९८९ मध्ये स्थापन झालेलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथे राज्याच्या सगळ्या भागांतून मुलं येतात. अलिबागला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यात इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंगची कॉलेजं आहेत. घरापासून लांब राहणारी अशी मुलं जिथे जिथे असतात तिथे मेस असते आणि मेसचं ताट मी बऱ्याच ठिकाणचं ऐकलं-पाहिलं आहे: डोंगरभर भात, पातळ वरण, आणि भाजी म्हणजे बटाटा. मंगळवारी बटाटा-वाटाणा, बुधवारी बटाटा-फ्लॉवर, ज्यात फ्लॉवर शोधावा लागतो. वर तेलाचा तवंग, कारण तवंग असला की मुलांना भाजी 'झणझणीत' वाटते आणि बेचव भाजी खपते. मुलींच्या होस्टेलला संध्याकाळी लवकर दरवाजा बंद होतो. रात्री अकराला अभ्यास करताना भूक लागली तर खोलीत काय असतं? विजेची किटली आणि नूडल्सचं पाकीट.

त्या पाकिटाबद्दल थोडं. बहुतेक झटपट नूडल्सची वडी ही आधी तेलात तळलेली असते, बऱ्याचदा पाम तेलात, ज्यात साधारण निम्मी चरबी संपृक्त असते, म्हणजे एलडीएल वाढवणारी. मिठासाठी पाकिटाच्या मागे सोडियमचा आकडा बघा. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ, हा हिशेब लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. मसाल्यासकट एका पाकिटात दिवसाच्या मर्यादेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त सहज संपतो. वर वेफर्स, मेसचं लोणचं आणि पापड. विशीतल्या मुलांत १३६/८८ असा रक्तदाब मला दिसतो तेव्हा मी गोळ्या लिहायच्या आधी त्यांच्या खोलीतल्या कपाटात काय आहे ते विचारतो.

परीक्षेच्या महिन्यात आणखी एक पेशंट येतो, छातीत धडधड होते म्हणून. ईसीजी ठीक असतो. रात्रभर जागायला त्याने वीस रुपयांच्या एनर्जी ड्रिंकच्या तीन-चार बाटल्या रिचवलेल्या असतात. आपल्याकडे अशा पेयात लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५. एक बाटली म्हणजे एक कप कडक कॉफी, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. चार बाटल्या, सोबत भरपूर साखर, झोप शून्य आणि सिगारेट, हे मात्र हृदयाला छळणं आहे. (सिगारेट आणि तंबाखू हा वेगळा लेख. पण कुणी मला विचारलं की वडापाव सोडू की सिगारेट, तर उत्तर द्यायला मला एक सेकंदही लागणार नाही. सिगारेट.)

हिशेब कॅन्टीनवाल्याचा

कॅन्टीनवाल्याला खलनायक करणं सोपं आहे. माझे एक पेशंट अनेक वर्षं एका कॉलेजचं कॅन्टीन चालवत होते, त्यांनी मला हिशेब समजावला. कंत्राट मिळतं जो जास्तीत जास्त भाडं देईल त्याला. निविदेत जागेचं भाडं, वीज, अनामत रक्कम सगळं असतं, पदार्थांबद्दल एक ओळ असते, 'दर्जेदार व माफक दरात'. भाडं भरायचं तर लवकर खराब न होणारं आणि पटकन विकलं जाणारं ठेवावं लागतं. उसळ संध्याकाळी उरली की फेकायची. नूडल्सचं पाकीट सहा महिने टिकतं. कढईतलं तेल आज उरलं तर उद्या चालतं. कोल्ड्रिंक कंपनी फ्रीज फुकट देते, त्यात दुसरं काही ठेवायचं नाही या बोलीवर. ताक ठेवायला जागाच नाही! म्हणजे कॉलेजने जास्त भाडं घेतलं आणि ते मुलांनी तळण खाऊन फेडलं. वर्षाअखेरीस त्याच कॉलेजात हृदयदिन साजरा होतो, २९ सप्टेंबरला, लाल फुगे लावून.

कायदा काय म्हणतो? शाळेसाठी कायदा आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. पाळला किती जातो ते सोडा, निदान आहे. कॉलेजला तसा नियम नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने कॅम्पसवर जंक फूड नको असं पत्र नोव्हेंबर २०१६ मध्ये काढलं. ऑगस्ट २०१८ मध्ये पुन्हा काढलं. जुलै २०२४ मध्ये तिसऱ्यांदा काढलं. एकच पत्र तीनदा काढावं लागतं याचा अर्थ काय ते मी सांगायला नको. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांमध्ये तेल आणि साखरेच्या प्रमाणाचे फलक लावायला सुचवलं. फलक चांगले आहेत, पण फलकाखाली समोसाच मिळत असेल तर भुकेला माणूस फलक वाचून पोट भरणार नाही. आणि त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून जीएसटीचे दर बदलले तेव्हा झटपट नूडल्स, फरसाण, बिस्किटं, चॉकलेट सगळं ५ टक्क्यांवर आलं. कोल्ड्रिंक ४० टक्क्यांवर राहिलं, तेवढं बरं झालं.

'लोकांना शिकवा, ते आपोआप सुधारतील' यावर माझा विश्वास का नाही, त्याला एक देशी उदाहरण आहे. ट्रान्स फॅट हा हृदयाला सगळ्यात वाईट चरबीचा प्रकार, वनस्पती तुपातून आणि बेकरीच्या खारी-पफमधून पोटात जायचा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तेल-तुपातली मर्यादा २०२१ मध्ये ३ टक्के केली आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के. बेकरीत खारी घ्यायला गेलेल्या आजोबांना ट्रान्स फॅट म्हणजे काय हे आजही माहीत नाही, आणि माहीत असायची गरजही नाही. बदल कारखान्यात झाला. फिनलंडमध्ये नॉर्थ कारेलिया नावाच्या प्रांतात १९७२ पासून हेच मोठ्या प्रमाणावर केलं गेलं. तिथले पुरुष चाळिशी-पन्नाशीत हार्ट अटॅकने जायचे. तिथे डेअऱ्यांनी कमी चरबीचं दूध काढलं, सॉसेज बनवणाऱ्यांनी चरबी आणि मीठ कमी केलं, दुकानांत, शाळांत, कामाच्या ठिकाणी मिळणारं अन्न बदललं. पुढच्या साडेतीन दशकांत कामकरी वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. लोणी खाणाऱ्या फिनिश माणसाची जीभ काही आपल्यापेक्षा जास्त संयमी नव्हती.

मग कॅन्टीनमध्ये ठेवायचं काय?

'सकस ठेवलं तर मुलं घेत नाहीत आणि परवडतही नाही' हे उत्तर तयार असतं. कुठलं सकस ठेवलं होतं? बहुधा वाडगाभर काकडी-टोमॅटो आणि वर प्रोटीन बारचं पाकीट. ते मीही घेणार नाही. आपण समुद्राकाठी राहतो, वालाच्या जिल्ह्यात राहतो, आणि मुलांना खायला काय द्यावं असा प्रश्न आपल्याला पडतो, याची मला खरंच गंमत वाटते.

वालाची उसळ, चवळीची उसळ, हरभऱ्याची उसळ पावाबरोबर नव्हे तर तांदळाच्या भाकरीबरोबर, किंवा नाचणीच्या. कुळथाची पिठी आणि भात. उकडलेली अंडी. (रोज एक अंडं निरोगी मुलाने खुशाल खावं, पिवळ्यासकट.) भाजलेले शेंगदाणे, केळं, फोडणीचे पोहे ज्यात मूठभर मोड आलेले मूग घातलेत. ताक, साखरेविना कोकम. कडधान्यांतला चिकट तंतू आतड्यात कोलेस्टेरॉल धरून ठेवतो आणि एलडीएल थोडं का होईना उतरवतो. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून आपण अभिमानाने माळा टांगतो, तो कांदा चिरून उसळीवर घाला की. थंडीत कॉलेजचा कार्यक्रम असेल तर पिझ्झा मागवण्यापेक्षा पोपटी लावा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर कोंबडी. मैदा नाही, तेलाचा थेंब नाही, आणि मुलं त्यावर तुटून पडतात हे मी कित्येकदा पाहिलंय. मुलांना फक्त तळलेलंच आवडतं हा आरोप तिथेच खोटा पडतो.

मासे. बांगडा आणि तारली हे आपले स्वस्तातले मासे आणि हृदयाला उपयोगी ओमेगा-३ चरबी नेमकी त्यांच्यातच भरपूर. आठवड्यातून दोनदा बांगड्याचं कालवण मेसमध्ये करायला काय हरकत आहे? शाकाहारी मुलांना त्या दिवशी उसळ. कोळीवाड्यातली मुलं माझ्याकडे येतात, वडील होडीवर, घरात मासळीची टोपली, आणि पोरगा शेजवान राइस खातो कारण मासा म्हणजे 'गावठी'. हा न्यूनगंड मुलांनी जन्मताना आणलेला नाही.

इथे कोकणाभिमानी वाचकांना थोडं दुखावतो. जुनं ते सगळं सोनं नव्हे. सुकट, जवळा, सुके बोंबील खारवलेले असतील तर मीठ भरपूर असतं. ते भिजवून, दोनदा धुऊन घ्या, आणि रक्तदाब असेल तर क्वचितच खा. खोबरेल तेलात जवळपास ९० टक्के चरबी संपृक्त, ते एलडीएल वाढवतं. मोबाइलवर फिरणारे 'खोबरेल प्या, ब्लॉकेज घालवा' हे व्हिडिओ माझ्याकडे आणू नका. कालवणात वाटणाला लागतं तेवढं ओलं खोबरं ठीक. आणि आजोबा डोंगरभर भात खाऊन नव्वदीपर्यंत जगले हे खरं, पण ते दिवसभर नांगरामागे किंवा होडीवर असायचे. त्यांचा नातू त्याच भातावर दिवसभर खुर्चीत बसतो.

परवडण्याचं. उकडलेलं अंडं दहा-बारा रुपयांना विकता येतं, दोन केळी तेवढ्यातच. कॅन्टीनमध्ये नूडल्सची प्लेट त्याच्या तिप्पट-चौपट दराने जाते. तेव्हा मुलांना परवडत नाही हे खरं नाही. कंत्राटदाराला भाडं भरून परवडत नाही हे खरं आहे, आणि भाडं ठरवणं कॉलेजच्या हातात आहे. भाडं निम्मं करा आणि बदल्यात अटी घाला. रोज एक उसळ, एक अंड्याचा पदार्थ, एक फळ सकाळी दहाच्या आत तयार हवं. फ्रीज कॉलेजचा, त्यात ताक समोर आणि कोल्ड्रिंक नाहीच. तळलेले पदार्थ हवेत तर दोन ठेवा, वडापाववर बंदी घाला असं मी म्हणत नाही, तो महिन्यातून चारदा खाण्याची वस्तू आहे, रोजचा नाश्ता नाही. तळणीच्या तेलाचीही अट घाला. तापवून तापवून तेलात जे घटक साठतात त्यांची कायदेशीर मर्यादा १ जुलै २०१८ पासून २५ टक्के आहे. ती मोजणारं यंत्र असतं, ते नसेल तर निदान डोळे वापरा: तेल काळं, दाट, फेसाळ आणि खवट झालं की बाहेर. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची 'ईट राइट कॅम्पस' योजना कॉलेजांसाठीही खुली आहे, तिच्यात तपासणी आणि प्रमाणपत्र दोन्ही आहेत. मेससाठी राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेलं ताट समोर ठेवा. २००० कॅलरीच्या दिवसाला भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं-अंडी-मासे मिळून ८५ ग्रॅम, तृणधान्यं फक्त २५० ग्रॅम. आपल्या मेसच्या ताटात हे प्रमाण नेमकं उलटं असतं.

पालकांनी आणि मुलांनी तोवर काय करायचं

पालक-शिक्षक सभेत हजेरी आणि गुण सोडून एक प्रश्न विचारा, कॅन्टीनचा करार कधी संपतो आणि पुढच्या करारात पदार्थांबद्दल काय लिहिणार. विद्यार्थी प्रतिनिधींनीही विचारा, तो तुमचा हक्क आहे. एसटीच्या आगारात सकाळच्या गाडीच्या वेळेसाठी अर्ज द्या, वीस सह्या असल्या तर आगारप्रमुख ऐकतात. अर्धा तास मिळाला तर घरून भाकरी खाऊन निघता येतं. डबा द्यायचा तर चपातीला जॅम लावून देऊ नका, उसळ आणि भाकरी द्या, सोबत अंडं किंवा शेंगदाणे.

होस्टेलवरच्या मुलींनो आणि मुलांनो, किटली आहे ना, त्यात अंडी उकडता येतात. फुटाणे, शेंगदाणे, केळी, खजूर खोलीत ठेवा. रात्री नूडल्स खाल्लेच तर मसाल्याची अर्धीच पुडी घाला. बाटलीतलं गोड पाणी, मग ते कुठल्याही रंगाचं असो, रोजच्या दिनक्रमातून काढा. एवढ्यानेच पुष्कळांचे ट्रायग्लिसराइड्स खाली येतात.

तपासणीचं विचारतात म्हणून सांगतो. प्रत्येक मुलाची दर वर्षी दोन हजारांची पॅकेजं करायची गरज नाही. रक्तदाब आणि कमरेचा घेर वर्षातून एकदा मोजा, फुकट आहे. रक्तदाब वेगवेगळ्या दिवशी तीनदा १३०/८० च्या वर आला तर डॉक्टरांकडे जा. वीस वर्षांच्या आसपास एकदा लिपिड प्रोफाइल करून ठेवावं. वडिलांना किंवा भावाला ५५ च्या आत, आईला किंवा बहिणीला ६५ च्या आत हार्ट अटॅक आला असेल तर मात्र ते टाळूच नका, आणि सोबत लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करा. एलडीएल १९० किंवा त्यावर आलं तर तो नुसत्या खाण्याचा दोष नसतो, बहुधा आनुवंशिक असतो. त्याला पथ्य पुरत नाही, औषध लागतं, आणि त्या मुलाच्या भावंडांची, आईवडिलांची तपासणीही त्याच आठवड्यात करावी लागते. ट्रायग्लिसराइड्स २०० च्या पुढे असतील तर आधी तीन महिने साखरेची पेयं, मैदा, दारू बंद, भात निम्मा, आणि रोज पाऊण तास भरभर चालणं. मग रक्त पुन्हा तपासा, बारा तास उपाशीपोटी, आणि दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून माझ्याकडे या.